बॉनेटवरचं तोंड

त्याचा धंदा गळती बंद करण्याचा. गच्च्या, बाथरूम, पाण्याच्या टाक्या, तळघरं. त्यानं हात लावलेल्या भिंतीतून पुन्हा थेंब आला नाही, म्हणून कामावरची माणसं त्याला पाठीमागे ‘सीलबंद’ म्हणत, आणि हळूहळू समोरही म्हणू लागली. त्याला ते आवडायचं. अशा माणसानं बॉनेटला उघडं भोक असलेली गाडी घ्यावी, याची बायकोला गंमत वाटली होती.

गाडी जुनी, पण दमदार होती. आधीच्या मालकानं हौसेनं बॉनेटच्या मधोमध पत्र्याचं एक उंच तोंड बसवून घेतलं होतं. पुढून येणारी हवा त्यातून थेट इंजिनला मिळायची. गाडी पहिल्यांदा दारात उभी राहिली तेव्हा बायको चष्म्याच्या दुकानातून नुकतीच घरी आली होती. पर्स खांद्यालाच, आणि ती हसत सुटली.

“अहो, ही तर जांभई देतेय! आधी झोपू द्या तिला.”

उन्हाळाभर गाडीनं तक्रार केली नाही. पावसाळा लागला, पावसानं चार दिवस सलग झोडपून काढलं, आणि गाडी चढावर आचके देऊ लागली. मेकॅनिकनं बॉनेट उघडलं. एअर फिल्टर ओला होता.

“चालत्या गाडीत थोडं पाणी गेलं तर बिघडत नाही, साहेब,” मेकॅनिक हात पुसत म्हणाला. “आत निचऱ्याला भोक आहे, बाकीचं इंजिनच्या उष्णतेनं सुकतं. पण गाडी पावसात उभी करताना हे तोंड झाकत जा. फार पाऊस असेल तर चालवतानाही झाका. हवा घ्यायला खाली दुसरी नळी आहे.”

एवढंच ना? त्याच संध्याकाळी त्यानं जाड रबर कापून तोंडात घट्ट बसेल असं बूच केलं आणि ठोकून बसवलं.

सकाळी बूच बॉनेटवर पडलं होतं.

गल्लीतल्या कुणाचा तरी चाळा, असं म्हणून त्यानं ते परत बसवलं आणि वरून चिकटपट्टीचे वेढे दिले. दुसऱ्या सकाळी पट्टी सोलल्यासारखी लोंबत होती आणि बूच गाडीपुढच्या डबक्यात तरंगत होतं. त्याचं डोकं फिरलं. लोकांच्या तीन-तीन मजली टाक्या आपण बंद करतो, आणि तळहाताएवढं भोक आपल्याला जुमानत नाही म्हणजे काय?

“तुम्ही त्या गाडीशी भांडताय,” बायको चहा ओतत म्हणाली. तिचा आवाज बसला होता. “मला रात्रभर घुसमटल्यासारखं झालं, तुम्हाला पत्ता नाही. सकाळी उठून आधी गाडी बघायला गेलात.”

“खिडक्या बंद असतात ना पावसामुळे. म्हणून झालं असेल.”

“खिडकी उघडीच होती,” ती म्हणाली.

तिला साधी सर्दीसुद्धा वर्षानुवर्षं होत नसे. डॉक्टरांनी छाती तपासली, फोटो काढला. फुप्फुसं स्वच्छ. दमटपणामुळे होतं असं काहींना, असं म्हणून त्यांनी गोळ्या दिल्या. मधे दोन दिवस बूच बसवायला त्याला सवड झाली नाही, आणि त्या दोन दिवसांत ती ठणठणीत होती. गोळ्यांचा गुण आला, असं दोघांनीही धरलं.

मग त्यानं बुचावरून लोखंडी पट्टी आडवी टाकली आणि दोन्ही टोकांना शिकंजे आवळले. सकाळी पट्टी जागच्या जागी होती. रबर मात्र मधोमध फाटलं होतं, आणि फाटलेल्या कडा बाहेरच्या बाजूला वळल्या होत्या.

मेकॅनिकनं ते रबर उलटसुलट करून पाहिलं.

“हे आतून ढकललंय, साहेब.”

“आत कोण बसलंय ढकलायला? फिल्टर?”

मेकॅनिक हसला नाही. “बंद गाडीत एवढा दाब तयार होत नाही. मी तरी पाहिला नाही. उघडंच ठेवा की. फिल्टर काय, बदलून देईन.”

उघडं ठेवा! हा सल्ला त्याला, सीलबंदला! त्यानं चिडून रबर कोपऱ्यात भिरकावलं आणि सरळ आपलं गोदाम गाठलं. जाड पत्रा मापानं कापला, चार कोपऱ्यांत बोल्ट घेतले, कडेनं टाक्यांसाठी वापरायचं सीलंट भरलं आणि बोटानं गुळगुळीत केलं. काम इतकं देखणं झालं की तो मागे सरून बघत राहिला. आता ये म्हणावं बाहेर.

सीलंट धरायला वेळ लागतो. पत्रा पक्का झाला तेव्हा दुपार झाली होती. त्याच दुपारी मेहुणीकडे जायचं ठरलं होतं. बायको फिकट दिसत होती, पण बहिणीला भेटायचंच म्हणाली. गाव सुटलं आणि पावसानं पुन्हा जोर धरला. वायपर पळत होते, गाडी मख्खन चालली होती. आचका नाही, काही नाही.

“बघ,” तो म्हणाला. “जमलं की नाही?”

ती गळ्याशी हात धरून बसली होती.

काचा आतून धूसर झाल्या. त्यानं पंखा वाढवला. धूसरपणा हटेना. बॉनेटमधून ठक् असा आवाज आला. थोड्या वेळानं पुन्हा. खडा उडाला असेल, असं त्याला वाटलं. मग तो आवाज ठरावीक अंतरानं येऊ लागला. पत्र्याचा डबा दाबून सोडावा, तसा.

“झाकण काढा,” बायको म्हणाली.

“काय?”

“झाकण काढा… माझं.”

त्यानं गाडी कडेला घेतली. तिचे ओठ काळेनिळे पडले होते. डोळे उघडे होते, तोंड उघडं होतं, आणि छाती हलत नव्हती. त्यानं तिच्या बाजूचा दरवाजा सताड उघडला. पाऊस तिच्या मांडीवर येऊ लागला. बाहेर रानभर हवा होती. तिच्या आत जात नव्हती.

तो किल्ली काढून, हत्यारांची पिशवी उचलून बॉनेटकडे धावला.

पत्रा मधोमध खोल गेला होता. आतून कुणी चोखावं तसा आत ओढला गेला होता.

त्यानं पाना लावला. एक बोल्ट निघाला. दुसरा निघाला. तिसरा फिरेना. त्याच्याच सीलंटनं तो गिळला होता.

समोरच्या काचेवर आतून तिची बोटं वाजली. मग वाजली नाहीत.

तो स्वतःला शिव्या देत होता की गाडीला, त्याला कळत नव्हतं. त्यानं स्क्रूड्रायव्हर कडेखाली खुपसला आणि सगळा भार टाकला.

पत्रा उचकटला.

बॉनेटच्या तोंडातून हवा आत गेली. लांब, खरखरीत, संपतच नव्हती. त्याच्या शर्टाची ओली बाही त्या तोंडाकडे खेचली गेली. इंजिन बंद होतं. किल्ली त्याच्या दातांत होती.

काचेमागे त्याच्या बायकोनं श्वास घेतला.

दवाखान्यात काही निघालं नाही. त्यांनी तिला संध्याकाळी घरी सोडलं. झाकणाबद्दल आपण काही बोललो, हे तिला आठवत नव्हतं. त्यानंही पुन्हा विचारलं नाही.

मेकॅनिकनं गाडी सुटी केली. नळ्या, फिल्टर, डबे, सगळं जमिनीवर मांडून दाखवलं. कुठं काही नव्हतं. गाडी भंगारात द्यायचं ठरलं, तेव्हा सीलबंद म्हणाला, “बॉनेट मी नेतो.”

“नुसत्या बॉनेटचं काय करणार, साहेब?”

“असू दे.”

मेकॅनिकनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि बॉनेट टेम्पोत चढवायला हात दिला.

आता ते मागच्या अंगणात चार विटांवर ठेवलेलं असतं. बायकोला त्याची अडचण होते. उचलून टाका ते एकदाचं, असं ती दर आठवड्याला म्हणते, आणि तो हो म्हणतो. त्याखाली इंजिन नाही, नळी नाही. नुसती हिरवळ आहे.

परवा दुपारी पाऊस चालू होता. वारा नव्हता. अंगणात सगळीकडे पाऊस सरळ पडत होता, फक्त त्या तोंडापुढे तो आत झुकायचा, परत सरळ व्हायचा, आत झुकायचा. सीलबंद खिडकीशी कामावरचे फोन घेत बसला होता. आत बायको जेवून आडवी झाली होती.

झोपेत तिला खोकला आला. एकदा, मग लागोपाठ.

त्यानं समोरच्या माणसाला थांबायला सांगितलं, फोन टेबलावर उपडा ठेवला, भिजत अंगणात गेला आणि बॉनेटच्या तोंडावर चिकटलेलं पान काढून टाकलं.

आतला खोकला थांबला.