खालचा दिवा

जा, खुशाल जा. मी कोण तुम्हाला अडवणारा? गर्दी नाही, स्वच्छ पाणी, पांढरी वाळू, कुणाला ठाऊक नसलेलं बेट... ते मोबाइलमधले फोटो मला दोनदा दाखवून झालेत तुमचे. मी बेटांना नावं ठेवत नाही. पण रात्रीच्या वेळी पाण्यात उभं राहायची पाळी आली, तर माझ्या साडूची आठवण ठेवा. आणि ए, तो दरवाजा आधी लोटून घे. वारा येतोय.

माझा धाकटा साडू तुम्ही पाहिलाय. लग्नाकार्यात कोपरा धरून बसतो, कुणाशी बोलत नाही, तो. पूर्वी असा नव्हता. एका प्रवास कंपनीत नोकरीला होता. काम काय, तर नव्या जागी आधी आपण जाऊन यायचं, खोल्या बघायच्या, पाणी बघायचं, संडास बघायचे, आणि इथं लोक पाठवण्यासारखं आहे का ते साहेबांना कळवायचं. खिशात कायम टेप. पलंग मोज, खिडकी मोज, जिन्याची पायरी मोज. आम्ही त्याला इंचटेपच म्हणायचो. बायकोसुद्धा मोजून आणलीय, असं चिडवायचो. माणूस सरळ. सांगितलं तेवढं करणार आणि सांगितलं तस्सं करणार. आम्ही त्यावरून हसायचो, आता हसत नाही.

तर कंपनीनं त्याला अशाच एका बेटावर धाडलं. आठवड्याला एक मोटारबोट जायची, तिच्यात तो, चार पोती सिमेंट आणि एक बकरी. उतरला तो एका नावाड्याच्या घरी. गावाच्या टोकाला, पाण्यालगत, दोन खोल्यांचं पत्र्याचं घर. एक खोली पाहुण्यांना द्यायचे. नावाडी मात्र घरी नव्हता. चार दिवसांपूर्वी वादळ झालं होतं, आणि त्याच वादळाच्या शेपटीला त्याची पोरगी पोटाच्या दुखण्यानं लोळायला लागली. सहा वर्षांची असेल. उजाडताच तिला होडीत घातली आणि पलीकडच्या मोठ्या किनाऱ्यावर दवाखान्यात नेली. ऑपरेशन झालं. पोर वाचली. घरी नावाड्याची बायको एकटी.

साडूला बेट भलतंच आवडलं. एकच रस्ता, धक्क्यापासून शाळेच्या भिंतीपर्यंत, आणि तिथं संपला. त्या रस्त्यावर कुत्री झोपलेली असायची आणि गावातली एकुलती एक रिक्षा त्यांना वळसा घालून जायची. दुकान एकच. पुढं साबण, वह्या, रॉकेल, आणि मागच्या बाजूला तोच दुकानदार केस कापायचा. बायका दिवसभर नारळ फोडून खोबरं वाळत घालायच्या. बेटाच्या मागच्या अंगाला त्यासाठी नारळाच्या झापांची मोठी शेड होती, तिथला धुराचा आणि तेलाचा वास कपड्यांतून जायचा नाही. हा कुठला साबण वापरतो, रात्री घोरतो का, हे दुसऱ्या दिवशी गावभर ठाऊक. नारळ फोडणाऱ्या एका आजीनं तर तोंडावर विचारलं, "पलंग मोजतोस, ते आमच्या पाहुण्यांच्या तंगड्या कापायच्यात का तुला?" हा सुद्धा हसला. रात्री बायकोला फोनवर म्हणाला, आपण दोघं येऊ गं इथं, पोरांना ठेवू तुझ्या आईकडं.

गुरुवार होता तो. अमावास्येच्या आदला दिवस. दुपारी नावाड्याचा फोन आला, पोरीला सोडलं, भरती आली की निघतो, रात्री पोचतो, दिवा धर. नावाड्याच्या बायकोला काय करू आणि काय नको असं झालं. पोरीची चादर वाळत घालायला म्हणून धावत बाहेर गेली आणि धक्क्याच्या शेवाळावर पाय घसरला. घोटा टम्म फुगला. जमिनीला पाय टेकवेना. गावातले पुरुष झाडून सगळे होड्या घेऊन बेटाच्या पलीकडं. काळोखात मासा चांगला लागतो म्हणून. आणि दिवा तर धरायलाच हवा.

"वहिनी, मी धरतो की," साडू म्हणाला. "दिवाच तर धरायचा!"

तिनं दिवा त्याच्या हातात दिला. मग म्हणाली, "पाहुणे, नीट ऐका. मी सांगते तस्सं करायचं."

ऐका, कसं असतं ते. त्या बेटाला पाण्याखालून खडकांचा वेढा आहे. आत यायला एकच चिंचोळी वाट. दिवसा ती डोळ्यांना दिसते. रात्री कशी दिसणार? म्हणून दोन दिवे. एक मागं उंच खांबावर, पक्का बांधलेला. दुसरा खालचा. तो माणसानं धरायचा, पाण्यात उभं राहून, कारण तिथं खांब रोवला तर लाटा ठेवत नाहीत. होडीतून दोन्ही दिवे एकावर एक दिसले की समजायचं, वाट समोर आहे. दिवे फाकलेले दिसले, की होडी वळवायची आणि पुन्हा एका रेषेत आणायचे. नावाडी दुसरं काही बघत नाही. दिवे नेतील तिकडं जातो.

"पाण्यात एक सपाट दगड आहे, पायाला लागेल," वहिनी म्हणाली. "त्यावर उभं राहायचं. पाणी गुडघ्यापर्यंत चढेल, घाबरू नका. दिवा छातीशी."

"आणि हललो तर?"

"हलायचं नाही. काही झालं तरी जागा सोडायची नाही."

"दिवा गेला तर?"

"तर ते खडकाच्या बाहेरच थांबतात, उजाडेपर्यंत. पण पोरीच्या पोटाला टाके आहेत हो. रात्रभर तिला वाऱ्यात नको." मग घोटा चोळत म्हणाली, "माझ्या सासूबाई धरायच्या. जन्मभर त्यांनीच धरला. नातीच्या वेण्या घालून, तिला मांडीवर झोपवून मग पाण्यात जायच्या. गेल्या त्या, वर्ष झालं. तेव्हापासून मी धरते."

गावातली माणसं जेवून निजली आणि जनरेटर बंद झाला. वहिनीनं लंगडत जाऊन खांबावरचा दिवा लावला आणि खांबाशीच बसून राहिली. साडू पँट दुमडून पाण्यात उतरला. बॅटरीचा दिवा होता, वर मूठ, बाजूला बटण. पायानं चाचपून दगड शोधला. सापडला. चढून उभा राहिला. दिवा छातीशी धरला.

पाणी कोमट होतं. वारा पडलेला. समोर काळोख... आणि काळोखच.

बराच वेळ काही झालं नाही. मग लांब एक ठिपका दिसला. पिवळा. होडीचा. साडूला एवढा आनंद झाला, की त्याला ओरडावंसं वाटलं. वहिनीनं मागून हाक दिली, "आले का हो?" हा मान न वळवता म्हणाला, "आले वहिनी! आले!"

आणि त्याच वेळी त्याच्या हातावर हात पडला.

दिव्याच्या मुठीवर. त्याच्या बोटांवरून. लहानसा, हाडकुळा, गार.

त्याला वाटलं, वहिनीच पाण्यात उतरली. म्हणाला, "वहिनी, पायाला जपा." त्यानं खाली बघितलं. दिव्याचा उजेड त्याच्या स्वतःच्या हातावर पडला होता. वर दुसरा हात... नव्हता. पण वजन होतं. बोटं जाणवत होती. एकेक.

मग हातानं ओढलं. डावीकडं.

जोरात नाही. लहान पोराला बाजूला सारावं, तेवढंच. साडूनं पाय रोवले. हात थांबला. पुन्हा ओढलं. जास्त. त्याचा डावा पाय दगडाच्या कडेवरून घसरला, दिवा हलला, आणि समोरचा पिवळा ठिपका... तोही हलला. होडी दिव्यामागं वळली.

आपण एक पाऊल हललो आणि तिकडं दोन माणसं हलली! त्यानं पाय पुन्हा दगडावर ओढून घेतला. होडीही परत वळली. तो मोठ्यानं म्हणायला लागला, "मी हलणार नाही. मी हलणार नाही." मागून वहिनी विचारत होती, "कुणाशी बोलताय? पाहुणे... काय झालं?" तिला काय सांगणार? सांगायला वळावं तर दिवा वळेल.

हात आता दोन होते. एक मुठीवर. एक त्याच्या कमरेला, मागून. ढकलत होते. डावीकडं, डावीकडं. त्याला कानाशी श्वास ऐकू येत होता. म्हाताऱ्या बाईला धाप लागावी तसा. शब्द नाही. नुसती धाप.

होडी जवळ आली. वल्ह्याचा आवाज यायला लागला. पोरगी काहीतरी बोलत होती, बापाला काहीतरी विचारत होती. बाप हसला. पाण्यावरून सगळं स्वच्छ ऐकू येत होतं.

कमरेवरचा हात सुटला. मुठीवरचाही सैल झाला. साडूला वाटलं, जिंकलो. आणि मग ती बोटं त्याच्या बोटांवरून हळूहळू सरकली... खाली... दिव्याच्या बाजूला... बटणाकडं.

दिवा घालवायला बघतेय! पोरगी वाऱ्यात, टाके, आणि ही दिवा घालवायला बघतेय! त्यानं दुसरा तळहात बटणावर दाबून धरला. अंगातलं सगळं बळ लावून. गार नखं त्याच्या तळव्याखाली शिरायला धडपडत होती... खरवडत होती... तो रडत होता. पण त्यानं हात काढला नाही.

जागा सोडली नाही. दिवा जाऊ दिला नाही. दगडावर खांबासारखा उभा राहिला.

लाकूड फुटलं.

फार मोठा आवाज नसतो तो. कुणी गुडघ्यावर फळी मोडावी एवढाच. नावाडी एकदाच ओरडला, पोरीचं नाव घेऊन. मग पिवळा ठिपका गेला. मग... काही नाही.

मागं वहिनी किंचाळत होती. साडूला पोहता येत नव्हतं. तो तसाच उभा होता, दिवा छातीशी धरून. काय करावं ते कळेना, आणि जागा सोडायची नाही एवढंच डोक्यात. हातावर आता कुणाचा हात नव्हता.

उजाडताना पुरुष परतले. तेवढ्यात ओहोटी लागली आणि खडक वर आले, तेव्हा सगळ्यांना दिसलं. दगडासमोर वाट नव्हतीच. वादळानं वाळू हलवली होती, जुनी वाट बुजून शेजारी नवी पडली होती. दर वादळानंतर तिथं असं होतं, आणि दर वादळानंतर दगड उचलून नव्या वाटेसमोर ठेवायचा असतो, ते काम नावाड्याच्या घरचं. पण त्या दिवशी पोरीचं पोट दुखत होतं. नावाड्याला वाटलं, मागं राहिलीय ती कुणाकडून तरी हलवून घेईल. बायकोला वाटलं, निघण्याआधी ह्यांनी हलवला असेल. नवराबायकोत रोज होतं तसं, बघा. दगड आहे तिथंच राहिला. नवी वाट त्याच्या डावीकडं होती. दहा-बारा पावलं.

नावाडी दुपारी सापडला, खडकांत. त्याचं मी सांगत नाही.

हाताचं साडूनं वहिनीला सांगितलं. न सांगून करतो काय? ती सगळं ऐकत होती, भिंतीला टेकून. मध्ये एकदाच विचारलं, "बटणावरसुद्धा हात गेला होता?" हा हो म्हणाला. तिनं डोळे मिटले. म्हणाली, "तुमची काय चूक, पाहुणे? मीच सांगितलं होतं, जागा सोडू नका."

तिनं त्याला शिव्या दिल्या असत्या, तर तो आज लग्नात चारचौघांत बसला असता, असं मला वाटतं.

आणि पोरगी... हो, सांगतो. पोरगी सापडली. जिवंत. त्याच दिवशी सकाळी, बेटाच्या मागच्या अंगाला, खोबऱ्याच्या शेडमध्ये. पोत्यांवर गाढ झोपलेली. जिथं होडी फुटली तिथून ती जागा म्हणजे अख्ख्या बेटाचा वळसा. अंगावर ओरखडा नाही. पोटाची पट्टी सुकी, फ्रॉक सुका. तिला उठवलं, विचारलं, इथं कशी आलीस? म्हणाली, मी झोपले होते.

दवाखान्यातून निघताना बापानं तिचे केस नुसते रबरात अडकवले होते. त्याला वेणी येत नव्हती. आता दोन वेण्या होत्या. बारीक, घट्ट, कानामागून वर नेऊन बांधलेल्या. आईनं त्या बघितल्या, हात लावायला गेली, आणि हात मागं घेतला. "अशा वेण्या तर सासूबाई..." एवढंच म्हणाली. ती नारळ फोडणारी आजी शेजारी उभी होती. ती शेडबाहेर निघून गेली. आईनं त्या वेण्या सोडल्या नाहीत. कुणी सोडा म्हणालंही नाही.

पुढच्या आठवड्यात मोटारबोट आली तेव्हा साडू निघाला. मायलेकी धक्क्यावर आल्या होत्या. भर उन्हाची वेळ, सिमेंटवर पाय ठेववत नव्हता. पोरगी आईचं बोट धरून उभी होती, वेण्या तशाच, आठवडाभर पाणी न लागलेल्या. आणि त्या वेण्यांच्या टोकांतून थेंब थेंब पाणी गळत होतं.