गाठीवालीची खोली

आमच्या गणित विभागात माणसाला नावापेक्षा विषयाने ओळखतात. तळमजल्यावर सांख्यिकीवाले. त्यांच्याकडे संगणकांची घरघर आणि साऱ्या इमारतीतल्या चांगल्या खुर्च्या. पहिल्या मजल्यावर समीकरणवाले. ते दारं सताड उघडी ठेवून भांडतात आणि दुपारी एकत्र डबा खातात. दुसऱ्यावर बीजगणितवाले, जे शेजारच्या खोलीतल्या माणसालाही ईमेल करतात. त्यांच्याच मजल्यावर, टोकाला मी. माझा विषय संभाव्यता, म्हणून मला सगळे ‘नाणेफेक’ म्हणतात, तोंडावरसुद्धा. आणि तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून, माझी बायको. गाठीवाली.

गाठींचं गणित असतं हे ऐकून लोक हसायचे. मग ती पर्समधून दोरीचा तुकडा काढायची. दोरीचा हवा तेवढा गुंता करा, दोन्ही टोकं एकमेकांना चिकटवा. आता ही दोरी कुठेही न कापता दुसऱ्या एखाद्या गुंतवलेल्या दोरीसारखी करता येईल का? एवढाच प्रश्न. आयुष्य त्यात गेलं तिचं. कुणी लग्नगाठीवरून विनोद केला की ती म्हणायची, “ती आमच्यात धरत नाहीत. तिची टोकं मोकळी असतात.”

या विषयाची विभागात ती एकटीच. तिच्या हाताखाली संशोधन करणारी विद्यार्थिनीही एकच. तिशी ओलांडलेली, नोकरी सोडून आलेली, अबोल. विचार करायला वेळ घ्यायची, पण मध्येच थांबायची नाही. बायकोने तिचं नाव कासव ठेवलं होतं आणि तिलाही ते आवडत होतं.

हिवाळा सरता सरता एका सकाळी बायको जिन्याच्या वळणावर दम घ्यायला बसली, ती उठलीच नाही. मी खाली वर्गात शिकवत होतो. समीकरणवाल्यांपैकी एक जण दाराशी आला आणि माझ्याकडे बघत राहिला. मी खडू ठेवला, हात झटकले, आणि मग निघालो. हात झटकायला का थांबलो, ते मला अजून कळलेलं नाही.

त्यानंतरचे दिवस सांगण्यासारखे नाहीत. घरी दोन माणसांचा स्वयंपाक व्हायचा, कारण कमी करायचा म्हणजे किती, ते हाताला ठाऊक नव्हतं. मी फार लवकर कामावर रुजू झालो, असं सगळ्यांचं मत पडलं.

महिन्याभराने विभागाची बैठक झाली. आमच्या प्रमुखबाई सांख्यिकीच्या. मनाने वाईट नाहीत, पण त्यांना गोष्टी लोंबकळत ठेवलेल्या चालत नाहीत.

“एक विषय, त्यात एक माणूस, आणि ते माणूसच राहिलं नाही,” त्या म्हणाल्या. “विषय कुणाच्या भरवशावर चालू ठेवू? वर्ष संपलं की बंद करू या. खोली आमच्याकडे येईल.”

“आणि कासव?” मी विचारलं.

“विषय बदलावा. नव्याने सुरुवात करावी.”

“तिची चार वर्षं गेली आहेत त्यात. मार्गदर्शक मी होईन.”

“तुम्हाला गाठींतलं काय कळतं हो?”

“काही नाही. सही करता येते.”

कुणीतरी हसलं आणि ठराव झाला: विषय वर्षअखेर बंद, तोवर कासवाचा मार्गदर्शक मी. मी कासवाला बायकोच्या खोलीची किल्ली दिली. मला स्वतःला तिथे पाऊल टाकवत नव्हतं. मी तिसऱ्या मजल्यावर जाणंच सोडलं होतं.

कासव मला आठवड्यातून एकदा येऊन भेटायची, नियम म्हणून. मी विचारायचो, कुठवर आलं? ती म्हणायची, चाललंय सर. एकदा ती म्हणाली, “दोन दिवस फुकट गेले. मॅडम म्हणाल्या, हा रस्ता बंद आहे, उगाच डोकं आपटू नकोस.”

मला वाटलं, बायकोची जुनी आठवण सांगतेय.

पुढच्या भेटीत म्हणाली, “सिद्धतेतली मधली पायरी बसली, सर. मॅडम म्हणाल्या, इतके दिवस पाय ठेवला की हलत होती, आता नाही हलणार.”

मी पेन खाली ठेवलं. जायच्या आदल्या संध्याकाळी, ओटा पुसता पुसता, बायको मला म्हणाली होती, “मधली पायरी हलतेय रे. पाय ठेवला की हलते.” माझं लक्ष बातम्यांत होतं, पण शब्द हेच. मी ते कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काही आहे असंच वाटलं नव्हतं.

“हे त्या कधी म्हणाल्या?” मी विचारलं.

कासवाने बोटांत ओढणीचं टोक गुंडाळलं. “परवा,” ती म्हणाली.

मी पोटासाठी शक्यता मोजणारा माणूस आहे. अशा वेळी काय करायचं ते मला माहीत आहे. तेच वाक्य बायको कासवाशीही बोलली असेल; एखादी उपमा सुचली की ती दहा जणांना ऐकवायची. आणि पोर दुःखात आहे, एकटी आहे, दिवसभर त्या खोलीत बसते. तिला आवाज ऐकू आले तर नवल कसलं? मी तिला म्हटलं, जरा सुट्टी घे. ती म्हणाली, “नको सर. मॅडमना थांबलेलं आवडत नाही.”

पूर्ण झालेली प्रकरणं मी एका परगावच्या प्राध्यापकांना पाठवली. गाठींमधले ते जुने जाणते, बायकोला पंचवीसेक वर्षं ओळखणारे. काही दिवसांनी त्यांचा फोन आला.

“काम पक्कं आहे,” ते म्हणाले. “पण यात दोन हात आहेत. एक मुलीचा. दुसरा मी झोपेतही ओळखेन. गेल्या वर्षी आम्ही बोललो तेव्हा बाईंना हे सुटलेलं नव्हतं. कधी सुटलं?”

“अलीकडेच,” मी म्हणालो. दुसरं काय सांगणार?

त्या दुपारी मी तिसऱ्या मजल्यावर गेलो.

बाहेर लख्ख ऊन होतं आणि जिन्याच्या काचांतून ते पायऱ्यांवर तिरपं पडलं होतं. मजल्यावर सामसूम. खोलीचं दार लोटलेलं होतं आणि आतून फळ्यावर लिहिल्याचा आवाज येत होता. कासवाचा हात हलका, तिचा खडू नुसता सरपटतो. तो आवाज येत होता. आणि त्याच्या जोडीने, त्याच वेळी, दुसरा. दाबून लिहिणारा, ओळ संपली की ठक्‌कन टिंब देणारा. घरी फ्रिजवर चिठ्ठी लिहितानाही बायको असंच टिंब द्यायची, कागद फाटायचा.

मी दार ढकललं. दुसरा आवाज थांबला.

कासव फळ्यापाशी एकटीच होती. खोली होती तशीच: भिंतीवर दोऱ्यांची वेटोळी, खिडकीत वाळकं रोप, खुर्चीच्या पाठीवर बायकोची राखाडी शाल. हवेत निलगिरीचा वास होता. बायकोच्या बोटांचे सांधे दुखायचे, ती खडू धरण्याआधी तेल चोळायची.

“तू तेल लावतेस?” मी विचारलं.

“नाही सर.”

मी फळ्याकडे बघितलं. सगळं अक्षर कासवाचंच होतं. मात्र फळ्याखालच्या पट्टीवर खडूची पूड साचली होती, एका माणसाच्या मानाने बरीच. मी ती बोटाने चाचपली.

“मी इथे बसलो तर चालेल?”

तिने आधी फळ्याच्या डाव्या बाजूला बघितलं, मग माझ्याकडे. “बसा ना सर,” ती म्हणाली, पण जरा उशिराने.

तेव्हापासून मी रोज दुपारी तिथे जायला लागलो. खिडकीपाशी स्टूल होतं, त्यावर बसायचो. कासव लिहायची, थांबायची, फळ्याच्या डाव्या कडेकडे मान करून ऐकायची. मध्येच “हो” म्हणायची, मध्येच “नाही पटत”. एकदा खुदकन हसली. मला काही ऐकू यायचं नाही. वास मात्र यायचा. कधी खुर्चीवरची शाल एका खांद्याकडे थोडी जास्त ओघळलेली असायची. कुणाला सांगितलं असतं तर लोकांनी मला वेड्यात काढलं असतं, आणि त्यांचं बरोबरच होतं. पण मी शक्यता मोजणं सोडून दिलं होतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मला भूक लागायला लागली होती.

मी तिकडे जाताना धुतलेला शर्ट घालायचो. दाढी करायचो. हे सांगायला लाज वाटते, पण होतं ते असं होतं.

हळूहळू मात्र एक गोष्ट मनात टोचायला लागली. घरात आम्ही एकत्र म्हातारे होणार होतो. ती घरी येत नव्हती. अर्ध्या पलंगावरची चादर रोज सकाळी तशीच, न चुरगळलेली असायची. ती इथे यायची, तीन जिने चढून, दुसऱ्याच्या मुलीकडे.

एका दुपारी मी न राहवून विचारलं. “माझ्याबद्दल काही बोलते का गं?”

कासवाने खडू हातातल्या हातात फिरवला. “त्या कामापुरतंच बोलतात, सर.”

“कधीच नाही?”

 ती डस्टर उचलून आधीच कोरा असलेला भाग पुसायला लागली. मी पुन्हा काही विचारलं नाही. पण त्या दिवसापासून ती बावरलेली दिसायला लागली. काम रेंगाळलं. फळ्याच्या डाव्या बाजूला ती बघायची, ऐकायची, आणि लगेच खिडकीकडे, माझ्याकडे, नजर टाकायची. जणू दोघांच्या मध्ये सापडली होती. निलगिरीचा वासही मी आत शिरलो की ओसरायचा.

शेवटी मीच म्हटलं, “काय आहे ते सांगून टाक.”

“राहू दे सर.”

“सांग.”

ती खाली बघत बोलली. “मॅडम विचारत होत्या... खिडकीपाशी कुणी बसलेलं मलाही दिसतं का.”

मला आधी अर्थच लागला नाही.

“त्यांना नीट दिसत नाही,” ती म्हणाली. “म्हणतात, कुणीतरी येतं. चेहरा नाही. काही बोलत नाही, नुसतं बघत बसतं. कधी निघून जाईल याची त्या वाट बघतात. ते आलं की त्यांना सुचेनासं होतं.”

“तू सांगितलं नाहीस, मी आहे म्हणून?”

“सांगितलं सर. तुमचं नाव सांगितलं.” तिचे डोळे भरून आले. “त्या म्हणाल्या, कोण?”

बाहेर कुणीतरी गाडी सुरू केली. आवाज लांब गेला.

मी उठलो. फळ्याच्या डाव्या बाजूला बघून, जितक्या हळू बोलता येईल तितक्या हळू म्हणालो, “अगं, मी आहे.”

खुर्ची मागे सरकली.

कासव खुर्चीपासून दूर होती.

“सर, बोलू नका,” ती कुजबुजली. “प्लीज. त्या घाबरल्यात.”

शाल जमिनीवर पडली होती. मी ती उचलायला वाकलो, आणि टेबलामागे, भिंतीच्या कोपऱ्यातून, कुणीतरी दबलेला श्वास घेतल्याचा आवाज आला. लहान मूल लपल्यावर घेतं तसा. त्या एवढ्या आवाजातही मी तिला ओळखलं.

शाल तिथेच सोडली. पाठ न वळवता दारापर्यंत आलो. दार ओढून घेतलं.

त्यानंतर मी त्या खोलीत गेलो नाही.

मी जायचा थांबलो आणि काम भराभर पुढे सरकलं. उन्हाळ्यात प्रबंध पुरा झाला. तोंडी परीक्षेला ते परगावचे प्राध्यापक आले. त्यांनी कासवाला फार अवघड प्रश्न विचारले, तिने सावकाश उत्तरं दिली. टाळ्या झाल्या. मार्गदर्शक म्हणून माझंही अभिनंदन झालं. प्रमुखबाईंनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, “बाई असत्या तर...”

कासवाला दूरच्या एका विद्यापीठात जागा मिळाली. जायच्या दिवशी ती किल्ली द्यायला आली. 

“शेवटी काही म्हणाल्या का?” मी विचारलं.

“काम झालं म्हणून खूश होत्या.” ती म्हणाली. “मी जातेय म्हटलं, तर म्हणाल्या जा. त्यांना अजून बरंच करायचंय. आता इथे शांत वाटतं म्हणाल्या. हल्ली कुणी येत नाही.”

“बरं झालं,” मी म्हणालो. ते मी मनापासून म्हणालो. ती गेल्यावर दार लावून घेतलं.

विषय ठरल्याप्रमाणे बंद झाला. दोऱ्या, पुस्तकं, शाल मी खोक्यांत भरून घेतली. म्हणजे शिपायाने भरली, मी जिन्यात उभा राहिलो. फळा काढला. खोली सांख्यिकीवाल्यांकडे गेली. तिथे आता पांढरे कप्पे आहेत, कुलूपबंद यंत्रं आहेत, माणूस कुणी बसत नाही. माझे वर्ग यंदा तिसऱ्या मजल्यावर लागले आहेत, आणि वर्गाकडे जायला दुसरा रस्ता नाही.

दुपारी मी त्या दाराजवळ पोहोचलो की आतला खडूचा आवाज थांबतो.

म्हणून मी आता जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बूट काढतो. हातात घेतो, भिंतीला धरून मोज्यांनी पुढे सरकतो, श्वास रोखून. वळणापलीकडे जाऊन उभा राहतो. थोड्या वेळाने, दाबून, ठक्‌कन टिंब देत, ती पुन्हा लिहायला लागते. मग मी बूट घालतो.