थेंब बसला पाहिजे

'नॉर्मल' हा शब्द तेवढा माझ्यासमोर काढू नका रे पोरांनो. बाकी इंजिनाबद्दल काय विचारायचं ते विचारा. खैरलांजीहून दीड तास फटफटी हाकत आलात, पोटरीला चटका बसला, म्हणून विचारता की एवढं तापणं बरोबर आहे का. बरोबर आहे. मोटारीचं इंजिन पाण्यानं निवतं, फटफटीचं वाऱ्यानं. म्हणून तर त्याला बाहेरून पात्या असतात. चालत्या गाडीचं डोकं दीडशे, पावणेदोनशे डिग्रीपर्यंत जातं, ते त्याचं रोजचंच. हात लावायचा नाही, पाण्याचा थेंब टाकायचा. थेंब चर्र करून जागच्या जागी बसला, आटला, म्हणजे इंजिन सुखात आहे. थेंब बसलाच नाही, मोत्यासारखा टुणटुण उडत घरंगळला, तर समजायचं, इंजिन मरणाच्या दारात आहे.

हे मला शिकवलं शालिकराम मिस्त्रीनं. आणि ज्याला ते सर्वांत चांगलं ठाऊक होतं, त्यानंच...

जरा हळू बोला. तुमची कालिंदीआत्या आत झोपली आहे.

शालिकराम आणि मी तिसरीपासून एका बाकावरचे. बालाघाटला बस स्टँडमागं त्याचं गॅरेज होतं. कालिंदी माझी धाकटी बहीण, ती मला राखी बांधायची तशी त्यालाही बांधायची. तिचा नवरा गुणाकर मलेरिया खात्यात. बैहरकडची गावं त्याच्याकडे, आज इथं तर उद्या तिथं, सगळं फटफटीवर. त्या फटफटीचं इंजिन शालिकरामकडे द्यायला मीच सांगितलं होतं. घरचा मिस्त्री असताना बाहेर कशाला जायचं, असं म्हणालो होतो. ते वाक्य मला अजून खातं.

शहाऐंशीच्या दसऱ्याला शालिकरामनं इंजिन बांधून दिलं. नवा पिस्टन टाकला म्हणाला. आठच दिवसांत गुणाकर परत आला, थेंब बसून नाही राह्यला मिस्त्री, उडून राह्यला. शालिकरामनं मान वर केली नाही. नॉर्मल आहे भाऊजी, हवेचं इंजिन आहे, तापणारच. गुणाकर दुसऱ्यांदा आला, तरी तेच. घरच्या माणसावर शंका कशी घ्यायची, म्हणून तो गप्प बसला.

आठ नोव्हेंबरला, शनिवारी, गांगुलपाऱ्याच्या घाटात उतरणीवर इंजिन एकदम जाम झालं. मागचं चाक अडकलं. गुणाकर कठड्यावर गेला तो तिथंच संपला.

पुढचं ऐका. मोडकी फटफटी कालिंदीच्या परसात आणून ठेवली. शालिकरामनं स्वतः येऊन इंजिन उघडलं, आतलं सगळं सामान काढून नेलं आणि चार माणसांत सांगितलं की पेट्रोलात तेल कमी पडलं. आता त्या गाडीच्या पेट्रोलात तेल मिसळावं लागतं, आणि ते मिसळायची कालिंदी. दूरच्या गावांसाठी गुणाकर घरी पेट्रोलचा डबा ठेवायचा, ती दूध मोजावं तसं मापून तेल घालायची. त्या दिवसापासून ती एकच गोष्ट मोजत बसली, त्या सकाळी दोन मापं घातली की एकच. जेवण सुटलं, झोप सुटली. रडलीसुद्धा नाही. नवऱ्याला आपणच मारलं म्हटल्यावर बाई रडणार कोणत्या तोंडानं? आणि मी मूर्ख तिची समजूत काढत होतो, की होते चूक माणसाकडून. शालिकराम रोज संध्याकाळी यायचा, चहा घ्यायचा आणि माझ्या बोलण्याला मान डोलवायचा.

आता पंधरा डिसेंबर, सोमवार. शालिकराम मलाजखंडला एका ठेकेदाराचा पंप दुरुस्त करायला गेला होता. काम लांबलं. आपल्या फटफटीवर परत निघाला, घाटात आला तेव्हा साडेनऊ झाले होते. चांदणं टिपूर, थंडी मरणाची. हे सगळं त्यानंच मला नंतर सांगितलं, एक शब्द माझा नाही.

वळणावर एक गाडी स्टँडला उभी होती. बाजूला माणूस, डोक्याला मफलर गुंडाळलेला, चंद्र पाठीशी. त्यानं हात केला. मिस्त्रीची जात, बंद गाडी दिसली की थांबणारच. शालिकरामनं आपली गाडी चालूच ठेवली, उतरला.

"मिस्त्री, जरा पाह्यजो. थेंब बसून नाही राह्यला."

शालिकराम सवयीनं उकिडवा बसला. माणसाकडे पाहिलंच नाही, इंजिनाकडे पाहिलं. जवळ हात नेला, आच लागली नाही. मग पात्यांवर तळवा टेकवला. थंडगार. कित्येक दिवस न चालवलेल्या गाडीसारखं. त्याला बरं वाटलं.

"नॉर्मल आहे," तो म्हणाला. त्याच्या तोंडात बसलेलाच शब्द तो.



तो हात काढायला गेला. हात निघेना.

"नॉर्मल आहे?"

आवाज ओळखीचा... आता त्याला वर पाहायचं नव्हतं. पाहिलं नाही.

"हौ... नॉर्मल आहे."

पात्या कोमट झाल्या. इंजिन बंद होतं. किल्ली नव्हती. मग गरम. मग...

"नॉर्मल आहे?"

कातडीचा वास आला. स्वतःच्या. थोडं मागं त्याची स्वतःची गाडी फट... फट... करत होती. दुसरा आवाज नाही.

"नॉर्मल... आहे?"

"नाही!" शालिकराम ओरडला. "नाही नॉर्मल. पिस्टन मोठ्या मापाचा होता. नागपूरहून माल आला नोहता. मी कानशीनं घासून बसवला... मले माहीत होतं."

हात सुटला.

रस्ता रिकामा. कठडा. चांदणं.

मी त्या रात्री कालिंदीकडेच होतो. साडेदहाला दार वाजलं. तिनं उघडलं तर शालिकराम उभा, उजवा हात पुढं धरलेला. तळव्यावर सरळ रेघा, एकसारख्या अंतराच्या, भाजून वर आलेल्या. मला वाटलं, अपघात झाला. तो आत आला नाही. उंबऱ्याबाहेर उभ्यानंच सगळं सांगितलं, घाटातलंही आणि पिस्टनचंही.

मी त्याची कॉलर धरली. त्या माणसासाठी मी जीव दिला असता, आणि त्यानं माझ्याच तोंडून माझ्या बहिणीला गुन्हेगार ठरवलं होतं. पण कालिंदीनं माझा हात बाजूला केला आणि त्यालाच विचारलं.

"दादा, मले एवढंच सांग. माह्यं तेल पुरं होतं?"

"पुरं होतं, बाई. मापात होतं."

ती उंबऱ्यावर बसली आणि रडली. सदतीस दिवसांत पहिल्यांदा. बराच वेळ रडली. मग पदरानं तोंड पुसून त्याच्याकडे पाहिलं.

"अन् तरी रोज माह्या हातचा चहा पिऊन राह्यला तू."

तो खाली मान घालून गेला. तिनं त्याला माफ केलं नाही, त्यानंही माफी मागितली नाही. चार दिवसांनी गॅरेजला कुलूप लागलं. नंतर तो कुठं गेला, मला माहीत नाही, मी विचारलंही नाही.

पण त्या रात्रीचं अजून संपलं नव्हतं. तो गेल्यावर कालिंदी उठली, तांब्या घेतला आणि परसात निघाली. मी कंदील घेऊन मागं गेलो. फटफटीवर ताडपत्री होती, तिच्यावर दव साचलेलं. तिनं ती ओढली. टाकी कोरडी, प्लग काढलेला, पिस्टन तर शालिकराम घेऊनच गेला होता. इंजिन म्हणजे नुसता रिकामा डबा. महिनाभर थंडीत उभा.

तिनं तांब्यात बोटं बुडवली. एक थेंब... पातीवर सोडला.

चर्र झालं.

थेंब उडाला नाही. बसला. जागच्या जागी आटला.

मी हात लावून पाहिला नाही, तेवढी छाती झाली नाही.

ती गाडी अजून तिथंच आहे, त्या छपराखाली. ती विकू देत नाही कालिंदी. सकाळी उजाडलं की जाऊन पाहा, आत्ता नको. तीन पावसाळे गेले, सगळं सिलिंडर तांबडंलाल गंजलं आहे. वरून तिसऱ्या पातीवर एक जागा आहे, थेंबाएवढी. ती तेवढी गंजलेली नाही.