झिऱ्यावर येणारा माणूस

हे १९६२ सालचं. वैशाखातली भर दुपार, शहाद्याकडचा भाग. तेव्हा आम्ही धुळे जिल्ह्यात मोडायचो. गावाचं नाव सांगत नाही, पण यातलं एक अक्षरही खोटं नाही. माझ्या आत्याच्या, मंगलाबाईच्या बाबतीत हे घडलं.

गावाबाहेर नदीच्या काठावर तीन मोठे हौद होते. सगळ्या गटारांचं पाणी तिथे यायचं. गाळ खाली बसायचा आणि वरचं पाणी पाटाने गवताच्या कुरणात जायचं. त्यातला एक थेंब नदीत उतरू द्यायचा नाही, कारण खालच्या अंगाला डोंगरातले मजूर उतरायचे. ते वाळूत झिरा खणून त्याचंच पाणी प्यायचे.

हौदांची राखण आत्याचा नवरा बन्सीलाल करायचा. मजुरांना भरवसा वाटावा म्हणून तो रोज दुपारी झिऱ्यावर जाऊन आधी स्वतः ओंजळभर पाणी प्यायचा. मगच बाया घागरी भरायच्या.

"मी पिसनी जित्ता शे, म्हंजे पाणी चांगलं शे!" असं म्हणून हसायचा.

माघात तो तापाने गेला.

त्या वासात दुसरं कोण राहणार? आत्याच राहिली. पत्र्याच्या खोलीत, एकटी. दिवसचे दिवस तिच्याशी कोणी बोलायचं नाही. हौदांचं सगळं काम ती करायची, झिऱ्यावर जायचं मात्र तिला जमेना.

त्या दुपारी दार वाजलं...

बाहेर डोंगरातल्या मोलगीकडची रूपलीबाई. दरसाल होळीनंतर मजुरीला येणारी. कडेवर पोर, डोक्यावर रिकामी घागर.

"बाई, इतला वासमा तू कसी ऱ्हास वं?" नाकाला पदर लावून ती म्हणाली. "तुन्हा माणूसले बरं नहीं का?"

आत्याला वाटलं, हिला कळलंच नसेल.

"का वं?"

"रोज येस, पाणी पेस, तोंड पुशीसन चालना जास. बोलस नहीं. आज ओंजळ भरी... नि सोडी दिधी. मंग मी बी घागर भरी नहीं."

"कोन येस?"

"तुन्हा माणूस. हौदवाला. दुसरा कोन?"

आत्या उंबऱ्याबाहेर उन्हात आली. रूपलीबाईची नजर आत्याच्या कपाळाकडे गेली... मग मोकळ्या मनगटांकडे. तिने पोराला छातीशी घट्ट धरलं.

त्याने ओंजळ सोडली, म्हणजे पाणी बिघडलं. आत्या नदीला लागून असलेल्या तिसऱ्या हौदाकडे धावली, मागोमाग रूपलीबाई.

नदीच्या अंगाला बांधाच्या बुडाशी घुशीने बीळ पाडलं होतं. काळं पाणी वाळूखालून गुपचूप चाललं होतं. आवाज नाही... काही नाही. दोघींनी दगडमाती भरून बीळ बुजवलं.

मग त्या झिऱ्यावर गेल्या. पाणी नितळ दिसत होतं. आत्याने ओंजळ नाकाशी नेली...

हौदाचा वास.

काठावर ओल्या वाळूत दोन गुडघ्यांचे ठसे होते.

त्या ठशांपर्यंत येणारं-जाणारं पाऊल... एकही नव्हतं.

रूपलीबाईने हौदांच्या वरच्या अंगाला नवा झिरा खणला आणि पावसाआधी डोंगरात परतली. तिचं ते पोर पुढे मोलगीच्या बाजारात मला भेटलं, चांगलं धडधाकट. हौद आता केव्हाच बुजले.

आत्या पाऊस पडेपर्यंत रोज दुपारी जुन्या झिऱ्याजवळ जाऊन बसायची. तो तिला एकदाही दिसला नाही.

१९६८ साली ती आमच्याकडे ब्राह्मणपुरीला वारली. घाबरलेली ती कधीच नव्हती. शेवटपर्यंत एकच विचारायची, "परकी बाईले दिसनात. माले का बरं नहीं?"