पोटरी दुखण्याचा बहाणा

त्याच्या सलाइनच्या स्टँडचं चाक माझ्या सोनोग्राफी मशीनच्या चाकात अडकलं, तिथून हे सुरू झालं.

“जरा डावीकडून चला की,” मी म्हणाले.

“पाटी लावा मग. मी भूगोलाचा मास्तर आहे, दिशा दाखवल्याशिवाय हलत नाही.”

किडनी बदलून त्याला चार दिवस झाले होते. अशा ऑपरेशननंतर पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याची भीती असते. म्हणून पायात घट्ट मोजे आणि दिवसातून दोनदा कॉरिडॉरमध्ये फेऱ्या. किडनी दिली होती त्याच्या ताईने. ती पोट धरून चालायची, तरी त्याच्यापुढेच.

“माझी किडनी घेऊन रांगतोस कसला?”

“जुना माल आहे ताई, रुळायला वेळ लागणारच.”

दुसऱ्या दिवसापासून त्याची प्रत्येक फेरी माझ्या सोनोग्राफीच्या खोलीच्या दाराशी रेंगाळू लागली. कधी मोजा नीट करायचा असायचा, कधी वेळ विचारायची — मनगटावर घड्याळ असताना. मीही दार उघडंच ठेवू लागले.

ऑपरेशननंतर सातव्या दिवशी तो चौकटीला टेकला. “डावी पोटरी दुखतेय... बसू का जरा?”

“रोज नवा बहाणा,” मी हसले. “चला, तीन फेऱ्या राहिल्यात.”

तोही हसला, आणि गेला.

सकाळी त्याला चाकाच्या खुर्चीतून माझ्याकडे आणलं. डावी पोटरी उजवीपेक्षा तीन सेंटिमीटर जाड झाली होती.

मी मशीनचा प्रोब पोटरीवर टेकवून दाबला. निरोगी शीर दाबली की मिटते, पापणीसारखी. पोटरीतली ही शीर मिटली नाही; आत गुठळी होती. गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जीवावर बेतणार. वर वाढत नव्या किडनीच्या शिरेपर्यंत पोचली, तर ताईने दिलेलं सगळं वाया.

“काल तुम्ही खरं सांगत होतात,” मी म्हणाले.

“त्याआधीचे दिवस खोटंच सांगत होतो ना. तुमचा काय दोष?”

प्रोब वर नेला. मांडी मोकळी होती. मग डाव्या ओटीपोटात बसवलेली नवी किडनी. मी मशीनचा आवाज वाढवला. शूऽऽ... शूऽऽ... आठवड्यापूर्वी दुसऱ्याच्या शरीरात असलेला अवयव, हाताने टाके घालून जोडलेला, आता याच्या हृदयाच्या ठोक्यावर रक्त घेत होता. शेकडो वेळा ऐकलेला आवाज, तरी अंगावर काटा आला.

“ही... ताई?” त्याने हळूच विचारलं.

“ताई आणि तुम्ही. दोघं मिळून.”

त्याने मान वळवून कान मशीनकडे केला.

त्याच दिवशी रक्त पातळ करणारं औषध सुरू झालं.

“गुठळी त्याने विरघळते?” त्याने विचारलं.

“नाही. औषध तिला फक्त वाढू देत नाही. विरघळवतं शरीरच... हळूहळू.”

“कुणी न सांगता?”

“कुणी न सांगता.”

तीन महिन्यांनी तो तपासणीला आला. मी प्रोब दाबला. शीर मिटली. सोडला, उघडली. गरज नसताना मी पुन्हा दाबून पाहिलं.

“मोकळी आहे,” मी म्हणाले. “आता माझ्याकडे यायचं काही कारण नाही.”

“निघतोस की मुक्काम?” बाहेरून ताई.

तो मोजा ओढत तसाच थांबला. “डावी पोटरी दुखतेय... बसू का जरा?”

माझा हात झटकन प्रोबकडे गेला. “खरंच?”

“नाही. आज नुसता बहाणा.”

मी मशीन बंद केलं, स्टूल पुढे सरकवलं.

“बस,” मी म्हणाले. “आणि ताईंना सांग... वेळ लागेल.”