बोडख्या डोंगरावरचा दोर

"परभणी जिल्ह्यात डोंगर कुठून आणणार?" असं आम्हाला सगळेच विचारायचे. पूर्ण्यातलं कापडाचं दुकान दिरांकडे सोपवून मी आणि माझा नवरा रुद्रेश साहससहलींच्या धंद्यात पडलो, तेव्हा नातेवाइकांना हसू आवरेना. पण जिंतूरच्या अंगाला डोंगर आहेत. त्यातला बोडखा डोंगर आम्ही दोरावरून कडा उतरायला निवडला. दोघांनीही त्याचं रीतसर शिक्षण घेतलं होतं. स्वयंपाक माझ्या सासूबाईंकडे, उमादेवींकडे; मी त्यांना अत्याबाई म्हणते. त्यांच्या पिठलं-भाकरीसाठीसुद्धा माणसं परत यायला लागली होती.

ती संक्रांतीनंतरची सकाळ. वारा पडलेला. रुद्रेश कड्याखाली, उतरलेल्यांना सांभाळायला. वर मी एकटी; अत्याबाई पायवाटेच्या खालच्या वळणावर चुलीपाशी. शेवटी निकिता उतरत होती, परभणीच्या एका बँकेतली मुलगी. तिच्या कमरेचा दोर खडकात ठोकलेल्या कप्पीतून माझ्या हातात येत होता. उरलेला माझ्यामागं गवतात सैल पडला होता.

ती अर्ध्यावर असताना खालून रुद्रेश ओरडला, "ईश्वरी, वर घे तिला! मोहोळ उठलंय!"

कड्याच्या पोटातून आग्या माश्यांचा काळा लोट बाहेर पडत होता. खालची माणसं गाडीकडे पळत होती. निकिता मध्येच लोंबकळत होती.

अख्खं माणूस वर ओढणं एकटीचं काम नाही. हातभर दोर यायचा, तेवढाच परत घसरायचा. तळहात सोलवटले. बुटांखालची खडी सुटायला लागली.

"ताई, तोंडावर आल्या!" निकिता किंचाळली.

तेवढ्यात दोर हलका झाला.

माझ्यामागं वाळल्या गवतातून तो सरसरत चालला होता. न थांबता, एका लयीत.

"ओढा अत्याबाई, ओढा!" मी ओरडले. मागं बघायची सोय नव्हती. दोर तसाच मागं सरकत राहिला.

निकिताचे हात कड्याच्या काठावर दिसले. मी तिला पट्ट्याला धरून वर घेतलं, दोर सोडवला आणि बसायला आणलेल्या घोंगडीत तिच्यासकट शिरले. माश्या घोंगावल्या, पांगल्या. तिच्या गालावर दोन-तीन डंख, बाकी काही नाही. ती रडता रडता हसायला लागली.

"सगळे गाडीत हायत!" खालून रुद्रेशची हाक आली. "ती?"

"वर हाय! बरी हाय!" म्हटलं आणि माझाच बांध फुटला.

अत्याबाई धापा टाकत पायवाटेनं वर आल्या.

"कोण वडलं गं तिला?"

"तुमीच की."

"मी आत्ता यायले, माय." त्यांनी गळ्यातलं लिंग मुठीत धरलं. "शिवा शिवा. लेकरू वाचलं, बास."

खरंच बास होतं. किती तरी दिवसांनी मी एवढा मोकळा श्वास घेतला. मग दोर गोळा करायला वळले.

तो गवतात नव्हता. निकिताकडच्या टोकाची गाठ कप्पीत अडकली होती. तिथून तो माथ्यावरून सरळ पलीकडच्या कड्याखाली गेला होता. त्या बाजूला आम्ही कुणाला नेत नाही. तिकडून वर यायला वाटच नाही.

दोर ताणलेला होता.

मी त्यावर हात ठेवला. खालून दोन हलके हिसके बसले. आमच्या कामात दोन हिसके म्हणजे, खाली पोचलो.

मग तो सैल पडला.

मी तो वर ओढून घेतला. टोकाला गाठ नव्हती. शेवटचा हातभर भाग तेवढा घामानं ओला होता, आणि अजून कोमट.