चौथ्या टप्प्यावरचे पाय

"एकोणीस!" विल्फकाकांनी चहाचा मग टेबलावर आदळला. "स्पर्धेच्या लायसन्सची फी वाढवणाऱ्यांचं भलं होवो! एके काळी इथे सत्तर रायडर यायचे."

नेलने घड्याळ पाहिलं. दहाला पाच कमी. दहापर्यंत वीस नावं झाली नाहीत तर क्लबच्या नियमाप्रमाणे यंदाची मोटरसायकल ट्रायलची स्पर्धा रद्द. तेवढ्यात फाटकाशी एक जुनाट व्हॅन थांबली आणि खिडकीतून एका तरुणाने डोकं बाहेर काढलं.

"रीथचा रस्ता कुठला हो?"

"रस्ता नंतर," नेल म्हणाली. तिची नजर व्हॅनच्या मागच्या भागावर होती. "ती मोटरसायकल चालवता, की शोभेला ठेवलीय?"

"चालवत होतो. नवी फी ऐकली आणि स्पर्धा सोडल्या."

"एका दिवसाचंही लायसन्स मिळतं. शिवाय आलं घातलेला केक फुकट. मी केलाय."

"तुम्ही केलाय? मग जोखीम आलीच..." पण तो उतरला, आणि फॉर्मवर नाव लिहिलं. जॉस रॉ, दगडी कुंपणं बांधणारा. विसावा!

नेल चौथ्या टप्प्याची पंच होती. धुक्याने भिजलेला ओढा, त्यात माणसाएवढे धोंडे. इथे वेगाला कोण विचारतो? गाडी थांबवायची नाही, पाय टेकवायचा नाही. जितक्यांदा टेकला तितके दंडगुण, आणि ज्याचा दंड कमी तो जिंकला. सात वर्षांत नेलने लिहिलेला एकही आकडा चुकला नव्हता. तिचा डोळा म्हणजे घारीचा, असं सगळे म्हणत.

एकेक जण आला, धडपडला, शिव्या घालत गेला. मग जॉस आला.

अगं बाई! गाडी गुरगुरत शेवाळलेल्या धोंड्यावर चढली, क्षणभर पडणार असं वाटलं... आणि हा नुसता खांदा झुकवून तिला समजावतोय, दमानं गं, दमानं! त्याच्या चेहऱ्यावर इतकी शांतता होती की नेल नकळत पुढे झुकली. माणसाला असं जमतं? खरंच जमतं? तो वरच्या वळणाआड गेला तेव्हा तिची पेन्सिल अजून हवेतच होती. तिने घाईने कार्डावर शून्य लिहिलं.

दुपारी गावच्या हॉलमध्ये निकाल लागला. जॉस चार दंडगुणांवर पहिला, क्लबचाच हार्कर पाचांवर दुसरा. टाळ्या पडल्या. जॉस मात्र टोपी चुरगाळत उभा राहिला.

"चौथ्या टप्प्यावर माझा पाय दोनदा टेकला. तिथे शून्य धरलंय."

विल्फकाकांनी चष्मा वर केला. "इथे पंचाचा शब्द अखेरचा. नेल, तू काय पाहिलंस?"

'नाही टेकला' एवढंच म्हणायचं होतं. कप त्याचा झाला असता, तिचं सात वर्षांचं नाव शाबूत राहिलं असतं. 'टेकला' म्हटलं तरी ते खोटंच होतं. नेलच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

"मला माहीत नाही, काका. मी पायांकडे बघतच नव्हते."

"मग कुठे बघत होतीस, पोरी?"

"त्याच्याकडे," ती म्हणून गेली. "धोंड्यावरून असं कुणी जाताना मी जन्मात पाहिलं नव्हतं. आणि मग... मग धोंडाही दिसेना."

हॉल हास्याने दणाणला. कुणीतरी शिट्टी मारली. काकांनी हसू दाबत जॉसच्या शब्दावर त्याचे दोन दंडगुण वाढवले आणि कप हार्करच्या हातात ठेवला.

नेल बाहेर पळाली. मागोमाग जॉस आला.

"कप घालवलास माझा."

"तूच घालवलास! गप्प बसायचं होतंस."

"तुझ्या हातचा आकडा खोटा राहू द्यायचा? छे."

मग ती हळूच म्हणाली, "एवढं येतं तुला... तरी दोनदा कसा टेकला?"

"पहिल्यांदा दगड निसटला."

"आणि दुसऱ्यांदा?"

आता त्याच्या कानांची पाळी होती. "दुसऱ्यांदा वर बघितलं," तो म्हणाला. "तर पंचबाई माझ्याकडेच बघत होत्या."